स्टॅबिलायझर घेण्याआधी व्होल्टेज मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात दिवे मंदावले की दुकानदार देईल तो स्टॅबिलायझर घरी येतो. नाशिककरांनो, आधी संध्याकाळी आणि पहाटे एसीच्या सॉकेटवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १५० दिसत असतील, तर १७० ते २७० व्होल्टचा स्टॅबिलायझर काय कामाचा? १३० पासून चालणारा घ्या. दीड टनी एसीला साधारण ४ केव्हीए क्षमतेचा, छोट्या फ्रिजला अर्धा केव्हीएचा पुरतो. इन्व्हर्टर एसीची माहितीपुस्तिका मात्र आधी वाचा, अनेकांना स्टॅबिलायझर लागतच नाही.

तीन मिनिटांचा टाइम डिले, म्हणजे वीज आल्यावर तेवढा वेळ थांबून पुरवठा सुरू करण्याची सोय, हवाच. वीज जाऊन लगेच आली तर गॅसचा दाब उतरलेला नसतो. कॉम्प्रेसर अडकतो, त्याच्या मोटरचे वाइंडिंग (तारेचे वेटोळे) तापून जळते. व्होल्टेज फार वाढल्यास पुरवठा तोडणारा हाय कट-ऑफही तपासा, कारण न्यूट्रल (परतीची वायर) तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकते.

आणखी एक. एसी लावताच सॉकेटवर २० व्होल्ट पडतात, मीटरपाशी मात्र पडत नाहीत? मग दोष वायरिंगचा. तिथे स्टॅबिलायझर उलट जास्त करंट ओढतो, प्लगची पिन काळी पडते. आधी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकून घ्या.

– एक वीजतंत्री, सिडको, नाशिक