पुस्तिकेतल्या सल्ल्याने वर आलेली टाकी : दुरुस्ती व भरपाईबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३००० लिटर एफआरपी (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) सांडपाणी टाकीची सदोष बसवणूक आणि चुकीची लेखी सूचना

महोदय,

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमच्या चार कॉटेज आहेत. त्यांच्यासाठी तुमची बायो-टाकी घेतली. खोदाई, बसवणूक, शोषखड्डा, पाइपजोडणी, सगळे काम तुमच्याच माणसांनी केले. टाकीच्या आकाराबद्दल तक्रार नाही. १६ माणसे, माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला २१६० लिटर पाणी. गाळाची जागा वजा केली तरी ही टाकी जेमतेम पुरते. तक्रार आहे ती टाकी जमिनीत कशी बसवली आणि पावसाळ्यात तिचे काय करायला सांगितले याबद्दल.

तुमच्या पुस्तिकेत 'हंगाम बंद असताना' या मथळ्याखाली लिहिले आहे : पाहुणे नसतील तेव्हा टाकी पूर्ण उपसून, धुऊन, कोरडी ठेवावी. देशावर हे कदाचित खपून जाईल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरात. जांभ्याखाली चिकण माती आहे, पाणी तिच्यावर अडते आणि जुलैत खड्ड्यात हातभर खोलीवर पाणी लागते. अशा जमिनीत ३००० लिटरची रिकामी टाकी म्हणजे खालून सुमारे ३ टनांचा रेटा. टाकीचे स्वतःचे वजन शे-सव्वाशे किलो. बुडाला काँक्रीट नाही, पट्टे नाहीत, भोवती नुसती मोकळी वाळू. टाकी वर आली, तिरकी झाली, ११० मिलिमीटरच्या येणाऱ्या पाइपचा सांधा निखळला आणि चिखलपाणी आत शिरले.

भरलेली टाकी अशी उचलली जात नाही, कारण आत-बाहेर पाणीच असते. ती तीन-चार महिने वापराविना राहिली तरी फारसे बिघडत नाही, गाळातले जिवाणू तग धरतात. पाहुणे परत आले की काही दिवसांत काम पूर्ववत होते. तेव्हा ते पान चुकीचेच नाही, उलटे आहे. ते ताबडतोब मागे घ्या आणि किनाऱ्यावरच्या तुमच्या इतर ग्राहकांना पुढच्या मे महिन्याच्या आत लेखी कळवा.

तुमच्या मिस्त्रीने सुचवले की वरून काँक्रीट ओतून टाकी दाबून टाकू. ते आम्हाला मान्य नाही. घुमटावर भार आला तर टाकी चिरते आणि तिरकी झालेली टाकी सरळ तर होतच नाही. टाकी बाहेर काढा, खड्डा पंपाने उपसा, बुडाला पट्टे अडकवायचे आकडे (हूक) बसवलेला काँक्रीटचा थर घाला, न गंजणाऱ्या पट्ट्यांनी टाकी त्याला जखडा. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला १४०० किलोच धरायचे, २४०० नव्हे. थोडी जास्तीची सुरक्षितता धरली तर अडीच घनमीटर लागते. भराव घालताना आत पाणी भरत जायचे, बाहेर फूटभर भराव तर आत फूटभर पाणी, नाहीतर भिंती आत दबतात.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. शोषखड्डा विहिरीपासून ९ मीटरवर, तोही चढाच्या बाजूला खोदला. भारतीय मानक २४७० (भाग २) प्रमाणे पिण्याच्या पाण्यापासून हे अंतर किमान १८ मीटर हवे. जांभ्यात तर तेवढेही काठावरचे, कारण त्याच्या भेगांतून पाणी गाळले न जाता सरळ धावते. विहिरीच्या पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, निघाले आहेत, अहवाल सोबत आहे. फोनवर मिळालेले उत्तर, 'टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका', हा उपाय नव्हे. खड्डा चालू असेपर्यंत रोज नवे मैले पाणी येणार.

आम्हाला शोषखड्डा नकोच. टाकीतून निघणारे पाणी गाळायला उताराच्या बाजूला, विहिरीपासून लांब, तळाला जाड प्लास्टिकचे अस्तर असलेला खडीचा कर्दळीचा वाफा करून द्या : खोली ६० सेंटिमीटर, माणशी दीड ते दोन चौरस मीटर, भोवती बांध. पन्हळीचे पाणी त्यात येता कामा नये. वाफ्यातून पुढे येणारे पाणी नारळ-पोफळींना सोडू, भाजीला नाही.

स्वयंपाकघराची मोरी तुम्ही थेट शौचालयाच्या लाइनला जोडली आहे. मासे तळणाऱ्या घरात हे चालत नाही. तेलाची साय टाकीत वर धरते आणि मधल्या पडद्याची भोके बुजतात. मोरीपाशी १०० लिटरचा, आडवा पडदा असलेला तेलसापळा हवा. हंगामात तो दर आठवड्याला आम्ही साफ करू. निघालेली चरबी सुक्या पातेऱ्यात मिसळून खतखड्ड्यात जाईल.

हवेचा लोखंडी पाइप आणि झाकणाचे नट गंजले, त्याबद्दल फार लिहीत नाही. पाइप पीव्हीसीचा, नट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे द्या. मात्र वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात 'खारी हवा' वगळायची आणि माहितीपत्रकावर माडांचे चित्र छापायचे, ही चलाखी नजरेत भरली.

वरील कामे तुमच्या खर्चाने व्हावीत, विहीर उपसून पाण्याची पुन्हा तपासणी करून द्यावी आणि कामाची लेखी तारीख १५ दिवसांत कळवावी. दिवाळीच्या गर्दीआधी हे उरकायचे तर उपसा पंप लागणारच, तो तुमच्या अंदाजपत्रकात धरा. 'व्यवसायासाठी घेतलेली वस्तू, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असे उत्तर येणार असेल तर आधीच सांगतो : स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून केलेला वापर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतू मानत नाही. मुदतीत उत्तर न आल्यास रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत : बिलाची प्रत, पुस्तिकेच्या त्या पानाचा आणि तिरक्या टाकीचा फोटो, पाणी तपासणी अहवाल, विहीर व खड्ड्याचा मोजमापांसह नकाशा.

आपले,
कॉटेजचालक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी