मामा, चाळणीतल्या त्या निळ्या रंगासाठी

आदरणीय मामा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात, त्याच महिन्यात माझा प्रबंध बांधून आला. त्यात ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार’ एवढी एकच ओळ आहे. ती वाचून मलाच वाईट वाटलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

वरळीच्या टेकडीतले बेडकांचे जीवाश्म १८४७ पासून अभ्यासकांना माहीत आहेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेला तळ्याचा गाळ तो, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. आपल्या मुंबईच्या तशाच गाळात मला ऑस्ट्राकॉड शोधायचे होते. शिंपल्यासारखी दोन झाकणं असलेले, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक जीव.

पहिल्या नमुन्याची मी पार वाट लावली. शेल, म्हणजे त्या गाळाचाच झालेला दगड, खलबत्त्यात कुटला, वर हायड्रोजन पेरॉक्साइड भसाभस ओतलं. सकाळी हाती नुसता चुरा. तुम्ही ओरडला नाहीत. “कुटायचं नाही पोरी, फोडायचं. वाटाण्याएवढं,” म्हणालात आणि हातात हातोडी दिलीत.

मग ओव्हनमध्ये पार कोरडे केलेले तुकडे गार झाल्यावर रात्रभर रॉकेलमध्ये. सकाळी रॉकेल निथळून वर पाणी. थोड्याच वेळात तो दगड चहात बुडवलेल्या खारीसारखा सुटत गेला! रॉकेल मुरलेल्या फटींत पाणी शिरतं आणि माती मोकळी होते, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते तुमच्यामुळे. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाची धार किती बारीक ठेवायची, बोटांनी का चोळायचं नाही, हेही तुम्हीच दाखवलंत.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या निळ्या रंगाचं. एक नमुना धुऊन झाला की तुम्ही चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवायचात. जाळीत अडकून राहिलेला दाणा निळा होतो, म्हणजे पुढच्या नमुन्यात घुसला तरी ओळखू येतो. मला ते उगाच वेळखाऊ वाटायचं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली मला तीन फोरॅमिनिफेरा दिसले. समुद्रातले जीव, मुंबईच्या तळ्यातल्या गाळात! माझे हात थरथरत होते. भिंग वाढवून ओल्या ब्रशच्या टोकाने एक उलटा केला. कडेला निळा. तिन्ही निळे. माझ्याआधी त्याच चाळणीवर कच्छचा समुद्री गाळाचा नमुना धुतला होता.

रंग नसता तर मी ते प्रबंधात छापलं असतं, मामा. मनापासून खरं मानून छापलं असतं. माझ्या कामातला खरेपणा तुम्ही राखलात.

ते तीन निळे दाणे वेगळ्या स्लाइडवर चिकटवून ठेवलेत. जूनमध्ये नवी मुलं येतील, तेव्हा सगळ्यात आधी तीच स्लाइड दाखवणार आहे. रंगाची बाटली तुमच्याच कपाटात, तुमच्याच जागी आहे. मुंबईला आलात की लॅबमध्ये नक्की या.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची पोरगी