पाटणच्या दरबार चौकातून

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघे आहेत तसेच.

नेपाळात पाटणला आलोय. दरबार चौकात चित्रांची वही मांडीवर घेऊन बसतो. कृष्ण मंदिराने त्रास दिला नाही. १६३७ चं, अख्खं दगडी, भूकंपातही उभं राहिलेलं. कळस मात्र एकवीस! पाच-सहा मनापासून काढले, बाकीचे ठोकून दिले. सर वरून बघत असतील तर बघोत.

घोळ झाला तो पलीकडच्या हरिशंकराच्या देवळापाशी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात ते आणि ‘चार नारायण’ नावाचं देऊळ, दोन्ही भुईसपाट झाली होती. ढिगाऱ्यातून वेचलेली कोरीव लाकडं पुन्हा बसवली, नव्हती तिथे नवी कोरून घातली. समोर उभं राहिलं की छपराखालच्या टेकूंत जुनं काळपट, नवं फिकट, लगेच कळतं. पण माझ्याकडे एकच काळं पेन. रंगपेटी हॉटेलवर, कारण ‘कशाला ओझं?’ (कोण म्हणालं ते ओळख.) आणि नुसत्या रेषेत दोन्ही लाकडं एकाच वयाची होतात रे! नव्यावर रेषा कमी केल्या तर ते अर्धवट सोडल्यासारखं दिसतं, जुन्यावर वाढवल्या तर कोळसा.

म्हटलं, नकोच दाखवायला. तर लगेच मेणवली आठवली. घाटाच्या चित्रात मी विजेचा खांब गाळला, तर तू डबा टाकून उठलास. ‘समोर आहे ते काढ, नाहीतर कॅलेंडर विकत घे!’ खांबाबद्दल माझं मत आजही तेच आहे, नाना फडणीसांच्या घाटावर तो शोभत नाही. पण हे नवं लाकूड म्हणजे खांब नव्हे. छप्पर त्याच्यावरच टेकलंय. ते कसं गाळू? आणि या खोऱ्यात १९३४ च्या भूकंपानंतरही देवळं पुन्हा उभारलीच होती, मग मी ज्याला जुनं म्हणून गडद करतोय ते तरी कितीसं जुनं?

उद्या चहात ब्रश बुडवून बघणार आहे. जुन्यावर चहाचा हात, नवं कोरं. हसू नकोस.

घराचा रंग झाला का? चिरंजीवांचं कुठे जमतंय का? वहिनींना नमस्कार. उत्तर पत्रानेच दे, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा,
बाळ्या