रांग फाट्यावर दिसते, लागते टेबलावर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या करळ फाटा, जासई आणि गव्हाण फाटा या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या ट्रेलरच्या रांगांबद्दल आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. तक्रार खरी आहे. मागचे दिवे नसलेला चाळीस फुटी ट्रेलर रात्री सेवा रस्त्यावर उभा असला, की दुचाकीवाल्याला तो अगदी अंगावर आल्यावरच दिसतो. पण सगळ्या पत्रांत दोषी दोघेच, ड्रायव्हर आणि वाहतूक पोलीस. टर्मिनलची क्रेन बंद पडते, गेटवरचा संगणक अडकतो, हेही खरे. मात्र आणखी एक कारण रस्त्यावर उभे राहून दिसत नाही. ते कळंबोली, तुर्भे आणि सीबीडी बेलापूरच्या कचेऱ्यांत घडते. कोणता डबा, म्हणजे कंटेनर, कुठे आहे याचा माग ठेवणारा, गाड्या लावणारा आणि कागद जुळवणारा जो माणूस तिथे बसतो त्याला या धंद्यात कार्गो कंट्रोलर म्हणतात. त्याने अर्धवट कागदांवर गाडी सोडली, की ती बंदराच्या तोंडाशी जाऊन उभी राहणारच.

निर्यातीच्या डब्याला एकच कट-ऑफ, म्हणजे शेवटची वेळ, असतो असा कारखान्यांचा समज आहे. प्रत्यक्षात निदान तीन असतात: लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, कागद देण्याचा, वजन कळवण्याचा आणि गेटचा. गेटचा बहुधा सर्वांत शेवटी येतो आणि सगळे डोळे लावून बसतात तेवढ्याकडेच. समजा गेट शनिवारी संध्याकाळी ६ ला बंद होणार आहे. जाणता कंट्रोलर तिथून उलटा मोजतो. ६ ला गेट, म्हणजे आपल्यासाठी दुपारी १२. त्याआधी बंदराच्या पार्किंग प्लाझात सीमाशुल्काची निर्यात परवानगी, त्याला सकाळ द्यायची. भिवंडीहून निघालेली गाडी मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली करत येणार. अवजड वाहनांची बंदी मध्ये आली तर अंतर तेच राहते आणि तास दुप्पट होतात. म्हणून ती शुक्रवारी रात्रीच सुटली पाहिजे. पॅलेटवरचा माल फोर्कलिफ्टने तासा-दीड तासात भरून होतो. सुटी पोती किंवा खोकी माथाडींनी हाताने लावायची तर अर्धा दिवस धरावा. याचा अर्थ रिकामा डबा शुक्रवारी सकाळी यार्डातून उचललेला हवा. पुष्कळ कारखाने शुक्रवारी दुपारी फोन करतात, ‘गाडी पाठवा’. मग पुढचे सगळे धावपळीत होते, आणि धावपळीत पहिला बळी डबा तपासण्याचा जातो.

ही तपासणी पाच मिनिटांची असते. रिकाम्या डब्यात एकाने आत जायचे, दुसऱ्याने बाहेरून दोन्ही दारे ओढून घ्यायची. मिट्ट काळोखात छताकडे आणि कोपऱ्यांकडे पाहायचे. भोक सुईएवढे असले तरी उजेडाचा ठिपका दिसतो. जून ते सप्टेंबर त्या ठिपक्यातून खोक्यांचा वरचा थर भिजतो आणि परदेशातला ग्राहक अख्ख्या मालाचा दावा लावतो. सोबत दाराचे रबर, तळाच्या फळ्यांतून वर आलेले खिळे आणि वास. आधी रसायन किंवा मासळी वाहिलेल्या डब्यात मसाला भरला, की झालेच. दोष दिसला तर यार्डाच्या पावतीवर, म्हणजे ईआयआरवर, तिथल्या तिथे शेरा मारून घ्यावा आणि फोटो काढावा. बिनशेऱ्याची पावती घेऊन बाहेर पडलात, तर तोच दोष रिकामा डबा परत करताना तुमच्या नावावर चढतो.

वजनाचा घोळ सर्वांत मोठा. १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येक भरलेल्या डब्याचे प्रमाणित वजन, व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. पद्धती दोन: भरलेला डबा काट्यावर तोलणे, किंवा माल, पॅकिंग, पॅलेट, आधाराचे लाकूड यांचे वजन करून त्यात डब्याचे स्वतःचे वजन मिळवणे. उदाहरण घ्या. निव्वळ माल २४,००० किलो, ड्रम आणि पॅकिंग ६००, दहा पॅलेट प्रत्येकी २५ म्हणजे २५०, आणि वीस फुटी डब्याच्या दारावर रंगवलेले त्याचे वजन २,२३०. बेरीज २७,०८० किलो. कारखान्यातून येतो मात्र २४,८५० हा आकडा, कारण हिशेबनीसाने इनव्हॉइसवरचे एकूण वजन जसेच्या तसे उतरवलेले असते आणि डबा धरलेलाच नसतो. कधी उलटे होते, डबा दोनदा धरला जातो. काट्याच्या पद्धतीतही गंमत आहे. रिकामी गाडी तोलताना टाकी कोरडी, भरलेली तोलताना वाटेत डिझेल टाकलेले. ३०० लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो मालाच्या नावावर गेले. तोलताना क्लीनर केबिनमध्ये झोपलेला असला, तर तोही निर्यात होतो! म्हणून दोन्ही वेळा टाकीची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी.

एकूण वजन बरोबर आले म्हणजे संपले नाही. डब्याच्या लांबीच्या अर्ध्या भागात साठ टक्क्यांहून जास्त वजन पडू नये, हा भरण्याचा साधा नियम. वीस फुटी डब्यात १२०० बाय १००० मिलिमीटरची दहा पॅलेट एका थरात बसतात. जड पॅलेट आधी आत ढकलून दाराकडे हलकी खोकी लावली, की ट्रेलर पुढून दबतो आणि वळणावर झोल खातो. आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, १२०० आणि १००० ची जोडी लावून पंधरा सेंटिमीटर फट उरते. ती हवेच्या पिशवीने किंवा लाकडाने भरली नाही तर पॅलेट सरकत राहतात. लाकूड वापरायचे तर त्यावर उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा, गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटे. बिनशिक्क्याचे एक पॅलेटही पलीकडच्या बंदरात अख्खा डबा अडकवू शकते.

आता नंबर. डब्यावर चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीत एक शेवटचा आकडा असतो. तो चौकटीतला आकडा शोभेचा नाही. अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, अकराच्या पटीतले आकडे वगळून पुढे. पहिल्या खुणेला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असे दुप्पट करत दहावीला ५१२ ने गुणायचे, सगळ्यांची बेरीज ११ ने भागायची. उरलेली बाकी म्हणजे चौकटीतला आकडा; बाकी १० उरली तर शून्य. एक आकडा चुकला, तर जवळपास प्रत्येक वेळी हे गणित ती चूक पकडते. हाताने करायची गरज नाही, कचेरीतल्या संगणकावर एक सूत्र बसवून ठेवले की काम भागते. तरीही रात्री दोन वाजता ड्रायव्हर फोनवर नंबर सांगतो, ‘उनसठ’, आणि ऐकणारा ‘उनहत्तर’ लिहितो. मराठीतही एकोणसाठ आणि एकोणसत्तर तितकेच दगाबाज आहेत. नंबर एकेक आकडा सुटा सांगावा आणि ऐकणाऱ्याने उलट म्हणून दाखवावा. फोटो आल्याशिवाय फॉर्म तेरा काढूच नये, हे आमचे मत.

फॉर्म तेरा हा न्हावा शेव्याच्या गेटचा परवाना समजा. डबा, सील, वजन, जहाजाचा व्हाया नंबर (त्या फेरीची ओळख), उतरण्याचे बंदर, सगळे त्यावर. शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरलेला निर्यातीचा कागद), सील आणि फॉर्म यांतली एकही गोष्ट जुळली नाही, तर गाडी बाजूला. कारखान्यात स्वतः सील लावणाऱ्या निर्यातदारांना २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील आले. त्याचा नंबर कागदांत चुकीचा भरला गेला, तर खरे सील असूनही वाद होतो. सील लावतानाही डोळे उघडे हवेत. ते शेवटी मिटणाऱ्या उजव्या दाराच्या दांड्यावर बसवायचे. खटका ऐकू आला की खाली ओढून आणि फिरवून पाहायचे. सीलच्या खिळ्यावरचा आणि टोपीवरचा नंबर एकच आहे ना हे वाचायचे. जहाजाचे टर्मिनल ऐन वेळी बदलले तर फॉर्म नव्याने निघतो. गाडी तोवर पळस्प्याच्या पुढे आलेली असेल, तर ती थांबणार कुठे? रस्त्यावरच.

रांगेत उभ्या गाडीचे ई-वे बिलही, म्हणजे जीएसटीखालचा माल वाहतुकीचा परवाना, संपते. सध्या २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, चाकण किंवा भिवंडीहून येणाऱ्याला म्हणजे एकच. मुदतवाढ बिल संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत घेता येते. रात्रपाळीला कंट्रोलर नसेल तर ती खिडकी झोपेतच निघून जाते. ट्रेलर ओढणारा घोडा (पुढचे इंजिन) बिघडून दुसरा जोडला, तर गाडी नंबरही बदलावा लागतो. हे विसरणारे पुष्कळ.

आयातीत तीन मीटर एकाच वेळी पळतात: डबा ठेवून घेतल्याचे लाइनचे भाडे म्हणजे डिटेन्शन, सीएफएसचे (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचे) जागाभाडे आणि गाडी थांबवल्याचे हॉल्टिंग. तिघांची सुरुवात वेगवेगळी, त्यामुळे ‘सात दिवस मोफत’ ऐकून बिनधास्त राहणारा फसतो. मोजणी जहाजातून उतरल्याच्या दिवसापासून की दुसऱ्या दिवसापासून, हे डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचा लाइनचा आदेश, घेतानाच लेखी विचारावे. परतीचे यार्डही गाडी सोडण्याआधी त्याच दिवशी पडताळावे. द्रोणागिरीला गेलेल्या ड्रायव्हरला ‘यार्ड भरले, दुसरीकडे जा’ असे ऐकवले, की रिकामा ट्रेलर पुन्हा त्याच रस्त्यावर.

हे सगळे मोठ्या विद्येचे काम नाही. लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा घेऊन येणाऱ्या पनवेल-उरणच्या मुलामुलींना पुरवठा साखळीची आकृती काढता येते, पण ईआयआर वाचता येत नाही. त्यांना पहिले पंधरा दिवस यार्डात आणि काट्यावर उभे करावे, संगणकापुढे नंतर बसवावे. एका माणसावर रात्री चाळीस गाड्या टाकून ‘फोन चालू ठेव’ म्हणणे बंद करावे. पाळी बदलताना तोंडी सांगणेही बंद व्हावे. प्रत्येक डब्यापुढे नंबर, सील, वजन कळवले का, फॉर्म निघाला का, गाडी कुठे आणि पुढचा कट-ऑफ किती वाजता, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

ट्रान्सपोर्टवाल्यांना हे पटत नाही असे नाही. पण कारखाना म्हणतो गाडी काढा, गोदाम रिकामे करा. कागद वाटेत येतील. भरलेल्या गाडीला उभे राहायला कारखान्याच्या आवारात जागा द्यायची नाही आणि जासईच्या रस्त्यावर मात्र ती फुकट, हा हिशेब आहे. त्याची किंमत रहिवासी मोजतात. ड्रायव्हरही मोजतो, रात्रभर केबिनमध्ये बसून.

पुढच्या वेळी रांगेचा फोटो छापाल, तेव्हा आपल्या बातमीदाराला रांगेतल्या पहिल्या दहा ड्रायव्हरांना एवढेच विचारायला सांगा: फॉर्म तेरा मिळाला का, आणि मिळाला असेल तर कारखान्यातून निघण्याआधी की नंतर? दहाही उत्तरे फोटोखाली छापावीत, ही विनंती.

आपला,
एक कार्गो कंट्रोलर,
कळंबोली, नवी मुंबई