कास, कुंपण आणि कॅलिफोर्नियातली तळी

डेव्हिस, कॅलिफोर्निया
१२ एप्रिल

प्रिय संज्या,

कास पठारावर गुरं चरू द्यावीत की कुंपण घालून अडवावीत, असं तू विचारलंस. आधी इथल्या तळ्यांबद्दल सांगतो, कारण हाच प्रश्न इथे मोजमाप करून तपासला गेलाय.

इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा ठणठणीत कोरडा. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मातीखाली पाणी अडवणारा घट्ट थर आहे. पाणी मुरत नाही, खोलगट जागी साचतं. जानेवारीत तळं, एप्रिलमध्ये फुलं, जूनमध्ये भेगाळलेली माती. यांना व्हर्नल पूल म्हणतात. माळावरचं गवत इथे हिवाळ्यात बुडून मरतं आणि बारमाही पाणवनस्पती उन्हाळ्यात वाळून. दोन्ही सोसून उरतात त्या मोजक्या जाती, बहुतेक एकाच हंगामात बी धरून संपणाऱ्या. त्यातल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

डेव्हिसच्या दक्षिणेला जेप्सन प्रेअरी म्हणून राखीव माळ आहे. सध्या मी सवड मिळाली की तिथेच असतो. पाणी ओसरेल तसा बहर काठाकडून आत सरकतो. कडेला गोल्डफील्ड्सचा पिवळा पट्टा, मग मेडोफोमची पांढरी फुलं, आणि खोलगटात डाउनिंजियाची निळी. उंचीत चार बोटांचा फरक पडला तरी जात बदलते, कारण किती दिवस पाण्याखाली राहायचं हे प्रत्येकीचं ठरलेलं.

आयसोएटिस, ती पाण्यात वाढणारी गवतासारखी दिसणारी छोटी वनस्पती, तर तुला माहीतच आहे, पाचगणीच्या नावाची एक जात आपल्याकडेही आहे. इथल्या तळ्यांत हॉवेलचं आयसोएटिस असतं. दिवसा सगळ्या झाडांनी मिळून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून संपवलेला असतो, म्हणून हे तो रात्री साठवतं आणि दिवसा वापरतं. निवडुंग हीच युक्ती पाणी वाचवायला करतो, आणि हे झाड ती पाण्यात बुडून करतं! जॉन कीली या संशोधकांनी १९८१ मध्ये हे दाखवलं, ते वाचल्यापासून मला या इवल्या झाडाबद्दल फार आदर वाटतो.

उन्हाळ्यातली कथा वेगळीच. तळं आटून गेल्यावर कोरड्या तळाशी काही चिकट, वासाची गवतं फुलतात. सोलॅनो गवत त्यातलंच, ते प्रथम सापडलं इथल्याच ओलकॉट तळ्यात. १९७८ पासून ते संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे.

आणि नुसतं तळं राखून भागत नाही. डेव्हिसच्या विद्यापीठातले रॉबिन थॉर्प यांनी इथल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचा अभ्यास केला. काही माश्या एकाच प्रकारच्या फुलांचा पराग गोळा करतात, आणि घरटी मात्र आजूबाजूच्या उंचवट्यावर, मातीत करतात. तो उंचवटा नांगरला, की तळं जागेवर असूनही फुलांकडे यायला माश्या उरत नाहीत. या खोऱ्यातली बहुतेक तळी शेती आणि वस्तीखाली गेली. उन्हाळ्यात जमीन मोजायला येणाऱ्याला ती रिकामी पडीक दिसते, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

आता गुरं. जेमी मार्टी यांचा सॅक्रामेंटो जिल्ह्यातल्या तळ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही तळ्यांवर चराई चालू ठेवली, काहींवर बंद केली. बंद केली तिथे भूमध्य समुद्राकडून आलेली परकी गवतं माजली, देशी झाडं मागे पडली आणि पाणी टिकण्याचा काळ ५० ते ८० टक्क्यांनी घटला. दाट गवत पाणी पिऊन टाकतं, आणि ज्यांना बी धरायला तेवढे दिवस लागतात त्यांचे हाल होतात.

पण म्हणून हा निकाल उचलून कासवर लावू नकोस. इथली गुरं परकं गवत खाऊन देशी फुलांना जागा करून देतात. कासचं गवत कुठलं, गुरं नसताना ते गेंद, सीतेची आसवं अशा तिथल्या फुलांवर चढतं का, जांभ्यावरच्या डबक्यांत पाणी किती दिवस राहतं, हे आधी बघायला हवं. थोडी जागा कुंपणाने राखून तिच्या आतल्या आणि बाहेरच्या काही डबक्यांशी खुणा करून ठेव. ऑगस्टपासून दर आठवड्याला पाण्याची खोली आणि फुललेल्या जाती लिहून काढ. तीन-चार पावसाळे तरी धीर धर. वही कशी आखायची ते पुढच्या पत्रात पाठवतो.

काकूंना नमस्कार. चिंगीची परीक्षा कशी गेली ते कळव.

तुझा,
नंदू