पैशाचं विचारलं तर काय बिघडलं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सरकारी नोकरांऐवजी 'कर्तव्यभावनेने पुढे येणाऱ्या नागरिकांच्या' हाती मतदान केंद्रं द्यावीत, असं सुचवणारा लेख कालच्या अंकात वाचला. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच हे लिहायला बसलो. लेखाची भाषा सुरेख आहे. लेखक महाशयांनी मतदान केंद्र आतून किती पाहिलं आहे याची मात्र शंका येते. शाई लावून बाहेर पडेपर्यंत जेवढं दिसतं तेवढंच बहुधा.

कर्मचारी निवडणुकीची ड्यूटी टाळतात आणि जे येतात त्यांचा डोळा भत्त्यावर असतो, असं ते म्हणतात. टाळतात हे खरं. ऑर्डर आली की स्टाफरूममध्ये धडधाकट माणसांचे रक्तदाब एकाएकी वाढतात, ओळखीच्या साहेबांचे फोन जातात, हे मी सगळ्या नोकरीभर पाहिलं. पण ज्यांचा कुठे वशिला नाही ते पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, घेतात आणि रात्री साहित्य जमा करायच्या रांगेत पेंगत उभे राहतात. त्यांनी भत्ता मोजून घेतला तर लोकशाहीला कोणता डाग लागतो?

आता कर्तव्यभावनेचं. २०१९ च्या लोकसभेला मी केंद्राध्यक्ष होतो. मतदान सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, माझ्या एका मतदान अधिकाऱ्याला उलट्या सुरू झाल्या. झोनल अधिकाऱ्यांना, म्हणजे काही केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांना, फोन केला. राखीव माणूस पाठवतो म्हणाले, पण तो दुपारपर्यंत येणार. बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली. बहुतेकांना माहीत नसतं, पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २६ मध्ये यावर उपाय आहे. मतदान अधिकारी गैरहजर असेल तर केंद्रावर हजर असलेल्या कोणालाही केंद्राध्यक्ष त्या जागी नेमू शकतो आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना तसं कळवतो. तो माणूस कुठल्या उमेदवाराचं काम करणारा नसावा, इतकीच अट. म्हणजे लेखकांना हवा असलेला स्वयंसेवक कायद्यात अगोदरपासूनच बसलेला आहे. तेव्हा मी दारात उभा राहिलो आणि रांगेला विचारलं, कोणी दुपारपर्यंत बसेल का?

मतदानाची टक्केवारी का घसरते यावर एक सद्गृहस्थ रांगेत बराच वेळ मोठ्याने बोलत होते. त्यांना एकदम घरचे पाहुणे आठवले. एका बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बाकीचे मोबाइल पाहू लागले. शेवटी मागून रात्रपाळी करून आलेला एक मुलगा पुढे आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "सर, पैसे मिळतील ना?" मी म्हटलं, नियमाप्रमाणे मिळायला हवेत.

पुढची गंमत लेखकांनी नीट ऐकावी. दोन मुख्य पक्षांचे पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रात बसणारे उमेदवारांचे प्रतिनिधी, पहाटेपासून एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांनी मिळून या मुलाची अशी उलटतपासणी घेतली की मुलाखतीलाही कोणी एवढी घेत नसेल. कुठे राहतो, मिरवणुकीत कोणाच्या होता, भाऊ काय करतो. दोघांचं समाधान झालं तेव्हाच तो बसला. कलम २६ मधली अट मला एकट्याला तपासता आली नसती. ती तपासली गेली ती त्या दोघांच्या निव्वळ स्वार्थामुळे. मॉक पोल त्यांच्या डोळ्यांसमोर होतो, सीलवर त्यांच्या सह्या असतात, किती मतं नोंदली गेली त्या हिशोबाची प्रत, म्हणजे नमुना १७-ग, त्यांच्या हातात जाते, तीही त्याचसाठी. ही व्यवस्था परस्परविरोधी स्वार्थ समोरासमोर बसवून चालते आणि माझ्या मते ठीक चालते.

मुलाकडे शाईची बाटली आणि रजिस्टर दिलं, अनुभवी माणूस कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या नियंत्रण भागावर, बसवला. राखीव माणूस आल्यावरही मुलगा गेला नाही. "रजिस्टर मध्येच कशाला बदलायचं" म्हणून शेवटच्या मतदाराची सही होईपर्यंत बसला. डायरीत मी सगळी नोंद केली.

भत्ता मिळाला नाही. संबंधित कार्यालयाचं उत्तर असं, की त्याचं नाव प्रशिक्षणाच्या यादीत नाही, सबब देयक निघत नाही. सकाळी आठ वाजता नेमलेला माणूस महिनाभर आधीच्या यादीत कसा असेल, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. मुलगा मला फोन करायचा, तेही अदबीने, आणि मला तोंड लपवावंसं वाटायचं. माझ्या खिशातले घे म्हटलं तर घेईना. तुमच्याकडून कशाला, म्हणाला, ज्यांचं काम केलं त्यांनी द्यावेत. त्याची लोकशाही मला लेखापेक्षा जास्त पटली.

परदेशात नागरिकच मतदान घेतात, हा दाखला अर्धाच दिला आहे. स्पेनमध्ये चिठ्ठ्या टाकून मतदारांतून नावं काढतात आणि नाव निघालं की सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. मानधनही मिळतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला एकट्या महाराष्ट्रात सुमारे एक लाख मतदान केंद्रं होती. केंद्रामागे चार माणसं धरली तरी चार लाख होतात. एवढे लोक पहाटे नुसत्या कर्तव्यभावनेने येणार असतील, तर त्यांतले निम्मे तरी आधी मतदानाला येऊ देत!

जाता जाता. दर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आपण नटनट्यांच्या शाई लावलेल्या बोटांनी पान भरता. कर्मचाऱ्यांच्या टपाली मतपत्रिकांच्या घोळावर मी पाठवलेलं पत्र मात्र दोन ओळींत उरकलंत, त्यातलीही एक ओळ माझी नव्हती.

लेखकांना सेवाच करायची असेल तर कायदा बदलायची गरज नाही. बहुतेक अपक्षांना एजंट मिळत नाहीत. आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या अपक्षाकडून नमुना १० वर एजंट म्हणून नेमणूक घ्यावी आणि मॉक पोलला पहाटे साडेपाचला केंद्रावर यावं. सरकारी नोकर एजंट झाला तर त्याला याच कायद्याच्या कलम १३४-अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून मला नोकरीत असताना ते जमलं नाही. लेखकांना तशी काही अडचण दिसत नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
(नाव छापू नये)