तक्रार पत्र: जर्मनीहून आणलेल्या गाडीसाठी माझ्या नावाने भरलेला खोटा नुकसानीचा रिपोर्ट आणि त्यापायी अंगावर आलेला बीपीएम (नेदरलँड्समधला गाडी नोंदणीचा टॅक्स)

प्रति,
व्यवस्थापक,
वाहन आयात सेवा, आइंडहोवन

विषय: बीपीएमची वाढीव वसुली, माझ्या नावावरचे परस्पर केलेले कागद आणि भरपाई

नमस्कार,

फोन करून करून थकलो, दरवेळी वेगळाच माणूस उचलतो आणि साहेब बाहेर आहेत, निरोप देतो एवढंच ऐकायला मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं तुम्ही वाचलंय हे निळ्या टिकवरून दिसतं पण उत्तर नाही. म्हणून आता सगळं लेखी देतोय, सोबत कागदांच्या प्रती जोडल्यात.

मागच्या वर्षी तुमच्यामार्फत मी कोलोनच्या एका डीलरकडून 2020 ची पेट्रोल ऑटोमॅटिक स्टेशन वॅगन घेतली. गाडीचे 17,900 युरो, तुमची फी 950 आणि बीपीएम 780. या तीन आकड्यांची बेरीज करून कोटेशनच्या खाली तुम्ही स्वतःच "ऑल-इन, फिक्स" असं लिहून दिलंय. इथे फेल्डहोवनजवळ साधारण तशीच गाडी, डच नंबरप्लेट असलेली, थोडी महाग मिळत होती आणि बायकोचं म्हणणं होतं की इथलीच घेऊया, उगाच दुसऱ्या देशातली भानगड नको. तरी आम्ही जर्मनीची ठरवली ती फक्त त्या फिक्स शब्दावर आणि तुम्ही मराठी माणसं, गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेली, घरी चहाला येऊन गेलेली, या भरवशावर.

आता बेलास्टिंगडीन्स्टकडून (डच टॅक्स ऑफिसकडून) बीपीएमची जादा आकारणी आलीय, 1,340 युरो, वर व्याज वेगळं. माझ्या नावाने. पत्र उघडलं तेव्हा मला आधी कळेचना की हे कसलं, कारण माझ्या समजुतीप्रमाणे बीपीएम तर कधीच भरून झाला होता.

मग मी त्यांच्याकडून फाइलची प्रत मागवली आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा मला दिसलं की माझ्या नावाने तुम्ही काय भरलंय. बीपीएम कसा काढतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण हे पत्र दुसरं कोणी वाचेल तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. जर्मनी आणि नेदरलँड्स दोन्ही युरोपियन युनियनमध्ये असल्यामुळे बॉर्डरवर कस्टम ड्युटी वगैरे काही लागत नाही, फेन्लोला हायवेवरची पाटी बदलते आणि आपण इकडे येतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. गाडीची इथे पहिल्यांदा नोंदणी होताना बीपीएम द्यावा लागतो, तो गाडीच्या सीओटू आकड्यावरून ठरतो आणि जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते. ही सूट काढायच्या वाटा ठरलेल्या आहेत, एकतर सरकारी तक्ता, नाहीतर बाजारातल्या किमतींची यादी, नाहीतर तज्ज्ञाचा व्हॅल्युएशन रिपोर्ट. हा रिपोर्ट गाडीला नेहमीच्या वापरापेक्षा जास्त नुकसान झालेलं असेल किंवा गाडी किमतीच्या यादीतच सापडत नसेल तेव्हासाठी आहे. पार्किंगमध्ये पडलेले बारीक ओरखडे त्यात धरत नाहीत.

माझी गाडी यादीतली, अगदी सर्वसाधारण आणि नुकसान शून्य. तुमच्याच जाहिरातीत "अपघातमुक्त, टॉप कंडिशन" लिहिलं होतं. असं असताना तुम्ही माझ्या नावाने व्हॅल्युएशन रिपोर्ट जोडला, त्यात मागचा बंपर बदलणे, डाव्या बाजूचं मागचं दार ठोकून रंगवणे, दोन अलॉय व्हील आणि पुढची काच, असं सगळं धरून तीन हजार युरोंच्या वरचं नुकसान दाखवलंय. पुढची काच! त्या काचेला आजपर्यंत साधी चीर नाही, कोणीही येऊन बघा.

त्या रिपोर्टमधले फोटो मी मोठे करून पाहिले. चेपलेल्या दाराचा जो फोटो आहे त्यात खिडकीच्या कडेने चकचकीत चंदेरी पट्टी आहे. माझ्या गाडीला चारही दारांना काळी पट्टी आहे, कंपनीतून तशीच आलेली, डीलरच्या जाहिरातीतल्या फोटोतही काळीच दिसते. म्हणजे ते दार माझ्या गाडीचं नाही. रंग तेवढा सारखा आहे, राखाडी. दुसरं म्हणजे तपासणीचं ठिकाण आइंडहोवन लिहिलंय आणि तारीख अशी टाकलीय की त्या दिवशी गाडी अजून कोलोनला डीलरच्या यार्डातच उभी होती, कारण ताबा पावतीवर त्यानंतरची तारीख आहे आणि ती पावती माझ्याकडे आहे. मग तज्ज्ञाने तपासली काय?

एवढ्यावर संपलं असतं तरी एकवेळ ठीक. अर्ज मुखत्यारपत्रावर तुम्ही भरल्यामुळे टॅक्स ऑफिसचं "गाडी तपासणीला आणा" हे पत्र तुमच्या पत्त्यावर आलं. माझ्या हातात ते पत्र आलं असतं तर मी गाडी नेऊन उभी केली असती आणि तिथेच सांगितलं असतं की साहेब, गाडी धडधाकट आहे, जो टॅक्स होतो तो लावा. तुम्ही ते पत्र दाबून ठेवलंत, मला एक फोन केला नाहीत, गाडी तपासणीला गेली नाही म्हणून त्यांनी नुकसानीची सूट रद्द केली आणि वसुली काढली माझ्यावर, कारण अर्जावर नाव माझं.

तुमच्या ऑफिसातल्या ताई फोनवर म्हणाल्या की टॅक्स तर तुम्हाला कायद्याने द्यायचाच होता ना, आम्ही तुमचे पैसे वाचवायचा प्रयत्न केला. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. टॅक्स द्यायचा होता हे शंभर टक्के मान्य, म्हणूनच मी त्या आकारणीविरुद्ध हरकत घेत नाहीये, सहा आठवड्यांची मुदत असते ती आहे, पण खोट्या रिपोर्टची बाजू घेऊन मी भांडणार नाही. मी पूर्ण रक्कम भरून टाकलीय. पण मुद्दा हा आहे की खरा बीपीएम 2,120 होतो हे तुम्हाला कोटेशन देतानाच माहीत होतं, रोजचा धंदा आहे तुमचा, सीओटूचा आकडा टाकला की उत्तर समोर येतं. तो आकडा मला सांगितला असतात तर मी इथलीच गाडी घेतली असती. 780 दाखवून तुम्ही गिऱ्हाईक मिळवलंत आणि तो 780 खरा ठरवायला खोटं दार शोधून आणलंत. आणि माझे पैसे वाचवायला मी तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, आम्ही इथे परमिटवर राहणारी माणसं, सरकारदरबारी आमच्या नावाने खोटा कागद जाणं म्हणजे काय हे तुम्हाला समजत नसेल असं नाही, तुम्हीही याच वाटेने आलात.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. घेतल्यावर काही आठवड्यांतच थंड इंजिनवर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी हिसके द्यायला लागली. सिग्नलवरून सुटताना असा धक्का बसतो की मागे बसलेली मुलगी विचारते बाबा काय झालं. इथल्या गॅरेजवाल्याने क्लच सेट बदलायला सांगितलाय, अंदाजपत्रक जोडलंय. मी कोलोनच्या डीलरला मेल केला कारण जर्मन कायद्यात डीलरने खाजगी ग्राहकाला वापरलेली गाडी विकली तर जबाबदारी पूर्ण झटकता येत नाही, फार तर एक वर्षावर आणता येते, आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरलं जातं, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं, सोबत करार. करारात खरेदीदार म्हणून माझं नाव आणि पुढे लिहिलंय की खरेदीदार व्यावसायिक आहे, गाडी एक्स्पोर्टसाठी, कुठलीही हमी नाही. मी इंजिनिअर आहे, नोकरी करतो, गाड्यांचा व्यापारी कधीपासून झालो? करार जर्मनमध्ये होता, सही मुखत्यारपत्रावर तुम्ही केलीत आणि मला दाखवला तो फक्त किमतीचा कागद. असा करार केला की डीलर थोडी किंमत उतरवतो हे मला आता कळलं. ती उतरलेली किंमत कोणाच्या खिशात गेली याचाही खुलासा करा, कारण डीलरच्या बिलावर 17,400 आहे आणि मी तुम्हाला 17,900 दिलेत.

किलोमीटरच्या "डच सर्टिफिकेट"चे 75 युरो घेतलेत तेही परत हवेत. जर्मनीत किलोमीटरचं सरकारी रजिस्टरच नाही, त्यामुळे आरडीडब्ल्यूच्या (डच वाहन नोंदणी खात्याच्या) साइटवर माझ्या गाडीपुढे "निष्कर्ष नाही" असंच येतं आणि तेच येणार होतं. तुम्ही दिलेला कागद तुमच्याच लेटरहेडवर छापलेला आहे. गाडीच्या कप्प्यात जुना ट्यूफचा (जर्मनीतल्या गाडी तपासणीचा) रिपोर्ट सापडला, त्यावर रीडिंग आहे आणि ते जुळतं, म्हणजे खरा पुरावा फुकट गाडीतच होता.

आणि एक्स्पोर्ट प्लेटची लाल पट्टीवरची तारीख उलटून गेल्यावरही तुमचा माणूस चालवा हो, कोणी विचारत नाही म्हणाला. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्याने परदेशी प्लेटवर गाडी फिरवली तर टॅक्स ऑफिस मागे लागतं हे तुम्हाला ठाऊक नाही? मी चालवली नाही, घरासमोर उभी ठेवली आणि सायकलने ऑफिसला गेलो. पण नवीन कोणी पोरगं पुण्याहून आलेलं असेल, इथे वर्षही झालेलं नसेल, तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून चालवेल आणि अडकेल.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. वसुलीचे 1,340 आणि त्यावरचं व्याज तुम्ही भरायचं, कारण कोटेशन फिक्स होतं. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही द्या, किंवा मी खाजगी ग्राहक आहे हे डीलरला लेखी कळवून त्याच्याकडून करून घ्या, यातलं काहीही एक, पण लवकर, कारण वर्ष संपत आलंय. किमतीतल्या 500 युरोंचा हिशोब आणि 75 परत. माझं मुखत्यारपत्र आजपासून रद्द समजा, मूळ प्रत परत पाठवा आणि त्यावर माझ्या नावाने जे जे कुठे भरलंय त्या प्रत्येक कागदाची कॉपी द्या. आणि तो रिपोर्ट कोणी बनवला त्याचं नाव मला लेखी हवंय, कारण टॅक्स ऑफिसला मी स्वतः कळवणार आहे की रिपोर्ट खोटा आहे आणि तो मला न दाखवता भरला. हे मी तुमच्याशी तडजोड झाली तरी कळवणार, ते बोलणीत धरू नका.

गेल्या आठवड्यात तुम्ही आपल्या ओळखीच्यांकडून निरोप पाठवलात की मराठी मराठीत कशाला वाढवायचं, बसून बोलू. मी वाढवत नाहीये. बसायला माझी ना नाही, पण आधी कागद आणि पैसे. आपल्या ओळखीच्यांमधल्याच आणखी दोन कुटुंबांनी तुमच्याकडूनच गाड्या आणल्यात, मी त्यांना एवढंच सांगितलंय की आपापल्या बीपीएमच्या फाइलची प्रत मागवून बघा.

हे पत्र मिळाल्यापासून 14 दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर युरिडिश लोकेटकडे (इथलं कायदेशीर सल्ला केंद्र) सल्ला घेऊन मी कांटोनरेख्टरकडे (छोट्या दाव्यांचे न्यायाधीश) दावा लावीन, रक्कम 25,000 च्या खूप आत आहे, वकील न लावताही चालतं. डीलरसाठी युरोपियन कन्झ्युमर सेंटरकडे वेगळी तक्रार करतोय, ती तुमच्या उत्तरासाठी थांबणार नाही.

उत्तर ईमेलवर किंवा रजिस्टर पोस्टाने द्या, फोन नको.

आपला ग्राहक,
फेल्डहोवन

सोबत: कोटेशन, ताबा पावती, डीलरचं बिल आणि करार, व्हॅल्युएशन रिपोर्ट फोटोंसह, माझ्या गाडीच्या दारांचे फोटो, आकारणीचं पत्र आणि भरणा केल्याची पावती, गॅरेजचं अंदाजपत्रक